जलालपूरची मनू आणि तिचा आनंद

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचं गाव आहे. शहर वाढत वाढत आता त्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलंय. पण दीडशे वर्षांपूर्वी हे अगदी खेडं होतं. याच गावात 1 जून 1868 रोजी गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, हाक मारायची मनू. हीच मनू पुढं लक्ष्मीबाई टिळक झाली, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी. (लोकमान्यांच्या घराशी गल्लत करू नका हं, हे टिळक वेगळे. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या या पत्नी.)

आपल्यापैकी बहुतेकींची त्यांच्याशी पहिली भेट शाळेच्या पुस्तकात झालेली असते. विसरभोळे, उधळे, कवी मनाचे टिळक आणि त्यांच्यापुढं हात टेकलेल्या लक्ष्मीबाई! तो धडा वाचून वर्ग कसा हसायचा, आठवतंय ना? विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘स्मृतिचित्रे’मधल्या सुहास जोशीही अनेकींच्या डोळ्यांसमोर असतील.

मी बचत गटाच्या बायकांबरोबर काम करते. हिशेबाच्या वह्या मिटल्या की आम्ही कधी कधी काहीतरी वाचतो. एकदा ‘स्मृतिचित्रे’तली काही पानं वाचली. बायका पोट धरून हसल्या. मग कोपऱ्यातल्या एकीनं विचारलं, की या बाईच्या नशिबी एवढं सगळं आलं, मग ही हसते कशी? खोटं तर हसत नाही ना?

तिनं खोटा प्रश्न विचारला नव्हता. तिच्या घरचं मला माहीत होतं. त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आज लिहितेय ते त्याच प्रश्नाच्या निमित्तानं.

मनूच्या माहेरापासूनच सुरुवात करायला हवी. कारण तिच्या आयुष्यातलं पहिलं दुःख नवऱ्यानं दिलेलं नव्हतं, ते वडिलांच्या घरातलं होतं. 1857 च्या धामधुमीत त्र्यंबकेश्वरच्या बाजूलाही उठाव झाला होता. त्यात मनूच्या आईचे वडील, वासुदेव भगवंत जोगळेकर, यांना इंग्रजांनी फाशी दिलं. या घटनेचा धसका मनूच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घेतला आणि त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. वेडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य धुवायचं हे आपण समजू शकतो, पण मीठ आणि साखरसुद्धा धुवायची! धुतलेल्या मिठाचं काय होणार? पण नानांपुढं बोलायची सोय नव्हती. मुलांनी कुणाला शिवायचं नाही, कुणाकडं जायचं नाही. शिवाशिव झाली की आंघोळ, मग ऊन असो की थंडी. आईचा जन्म त्या धुण्या-पुसण्यातच गेला.

म्हणजे बघा, मनू ज्या घरात वाढली तिथं प्रत्येक स्पर्शाची भीती होती. माणूस जवळ आला की तो विटाळ घेऊन आला, अशीच शिकवण. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं इथंच येऊन मिळणार आहे.

अकराव्या वर्षी, 1880 साली, तिचं लग्न झालं. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. कोकणातल्या करजगावचा, आईविना पोरका झालेला, घर सोडून नाशिकला आलेला आणि इथं गणेशशास्त्री लेल्यांकडं संस्कृत शिकलेला. हुशारी अफाट, खिशात दमडी नाही! सासरी मनूची लक्ष्मी झाली. पण नावाची लक्ष्मी घरात आली तरी दुसरी लक्ष्मी काही त्या घरात कधी टिकली नाही.

टिळकांचा संसार म्हणजे भिंगरी. आज नाशिक, उद्या मुरबाड, मग नागपूर, मग राजनांदगाव. मनात आलं की हा माणूस घरात न सांगता निघून जायचा. कुठं गेला, कधी येणार, कुणालाच पत्ता नाही. हातात पैसे आले की समोर येईल त्याला देऊन मोकळा. सामान आणायला पाठवावं तर भलतंच काहीतरी घेऊन हसत परत यायचा. राग आला की असा यायचा की घर हादरावं, आणि गेला की लहान मुलासारखा निर्मळ! प्रेम मात्र खरं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला अक्षरं त्यांनीच शिकवली.

लक्ष्मीबाईंनी या संसारात तान्ही बाळं गमावली. त्या काळी घरोघरी असं व्हायचं खरं, पण म्हणून आईचं दुःख कमी होत नाही. 1891 साली दत्तू झाला आणि तो जगला. आता कुठं थोडं स्थिर होईल असं वाटत होतं.

आणि मग 1895 साल उजाडलं.

नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांची एका गोऱ्या गृहस्थांशी गाठ पडली होती. त्यांनी टिळकांना बायबल वाचायला दिलं. टिळकांच्या मनात आधीपासून जातिभेदाबद्दल चीड होती. देशाला एकत्र आणेल असा धर्म कोणता, याचा शोध सुरू होता. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि तिथंच गुंतले. पुढची दोन वर्षं हे सगळं आत चाललेलं होतं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं सोडा, वेळेवर सांगितलंसुद्धा नव्हतं. बातमी आली ती वीज कोसळावी तशी. ज्या घरात मीठ धुतलं जात होतं त्या घरची मुलगी, आणि तिचा नवरा ख्रिस्ती झाला! त्या काळी याचा अर्थ काय होता, ते आज आपल्याला कळणं कठीण आहे. नवरा जिवंत आहे पण आपला नाही. कुंकू आहे पण संसार नाही. विधवा म्हणावं तर नवरा पत्रं लिहितोय, सवाष्ण म्हणावं तर त्याच्या हातचं पाणी चालत नाही. लोक बघायला येत, कीव करत, टोमणे मारत. कडेवर चार वर्षांचा दत्तू. हाती काही नाही.

थोरली बहीण भिकूताई आणि तिचे यजमान नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना सांभाळलं. दिवस पंढरपूरला गेले. साडेचार-पाच वर्षं हा वियोग चालला. लक्ष्मीबाई आजारी पडल्या, खंगल्या. जीव नकोसा व्हावा असे दिवस त्यांनी काढले. याच काळात, जेमतेम लिहिता येणाऱ्या या बाईला कविता सुचू लागल्या. बोलायला माणूस नव्हतं, तेव्हा कागदाशी बोलायला लागल्या म्हणायचं.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. अशा गोष्टी सांगताना आपण नेहमी एक चूक करतो. बाईनं कसं सोसलं, मुकाट्यानं सोसलं, आणि शेवटी नवऱ्याच्या मागं गेली म्हणून सुखी झाली, अशी ती गोष्ट सांगतो आणि ऐकणाऱ्या बाईला न बोलता सांगतो की तूही सोस. लक्ष्मीबाईंची गोष्ट अशी नाही. त्यांनी टिळकांचं चुकलं तिथं चुकलं असंच लिहिलंय. आणि त्या टिळकांच्या मागं गेल्या नाहीत. निदान धर्मात तरी नाही.

पाचएक वर्षांनी त्या दत्तूला घेऊन टिळकांकडं गेल्या, ते पत्नी म्हणून. टिळक तेव्हा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, देव वेगळे. आणि टिळकांचा एक मोठेपणा इथं मान्य करायला हवा. एरवी हा माणूस हट्टी, पण बायकोवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. एका घरात दोन चुली चालल्या. शेजारी हसले असतील. पण ही बाई आपल्या मनाला पटेपर्यंत हलली नाही.

मग राहुरीला असताना एके दिवशी त्यांच्या मनात एक साधा विचार आला. देवानं जनावरांच्या जाती केल्या त्या दिसतात. गाय वेगळी, घोडा वेगळा, कुणी सांगायला नको. पण माणसांकडं बघितलं तर ब्राह्मण कोण, महार कोण, मुसलमान कोण, हे अंगावर कुठं लिहिलंय? मग ही वाटणी देवानं केली, की माणसानं? आणि माणसानं केली असेल तर ती आपण का पाळायची?

मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथ लिहून जे मांडलं, ते या बाईनं आपल्या घरगुती बुद्धीनं स्वतःशीच सोडवलं. विचार पटला तशी वागणूकही बदलली. कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. लक्षात घ्या, अजून त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी सोवळं गेलं, मग धर्म आला. 1900 साली त्यांनी आणि दत्तूनं बाप्तिस्मा घेतला, टिळकांच्या पाच वर्षांनंतर.

लहानपणी ज्या भीतीत त्या वाढल्या होत्या, ती भीती त्या दिवशी राहुरीत सुटली. मला तर वाटतं, त्यांच्या आनंदाची सुरुवात इथंच आहे. कारण ‘स्मृतिचित्रे’तलं हसू पुढं कधी आटत नाही. दुःखं मात्र थांबली का? छे! उलट रांगच लागली.

तो काळ आठवा. 1896 पासून प्लेग मुंबईतून निघून गावोगाव पसरला होता. त्यात 1899-1900 चा भीषण दुष्काळ. नगर जिल्हा तर कायमचाच कोरडा. आईबाप मेलेली, टाकून दिलेली मुलं रस्त्यावर आली होती. पंडिता रमाबाई केडगावला अशाच शेकडो मुली-बायकांना आसरा देत होत्या, आणि नगरलाही मिशनच्या वसतिगृहांतून पोरकी मुलं भरली होती. लक्ष्मीबाई या कामात शिरल्या. प्लेगच्या दिवसांत शहाणीसुरती माणसं आपलं माणूस टाकून पळत होती. अशा वेळी त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींची शुश्रूषा केली. जिच्या बापानं माणसाची सावली टाळली, ती लेक आता प्लेगच्या रोग्यापाशी बसत होती.

टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा झाली. कुणीही यावं, राहावं, जेवावं. घरात स्वतःची मुलं कोणती आणि आलेली कोणती, परक्याला ओळखू येऊ नये. पगार तुटपुंजा आणि त्यातलाही अर्धा टिळकांच्या हाताला लागला की गेलाच! तरी ताटं वाढत राहिली. लक्ष्मीबाई कुरकुरत नसत असं नाही. चांगल्या भांडायच्या! पण भांडता भांडता आणखी चार भाकरी थापायच्या.

त्या घरात आलेल्या मुलांत एक होता त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपले बालकवी! जळगावला 1907 साली पहिलं कविसंमेलन झालं, त्यात या कोवळ्या पोराच्या कवितेनं सगळ्यांना जिंकलं. पुढं तो टिळकांच्या घरी राहिला, मुलासारखा. हट्टी, हळवा, रुसणारा, लगेच हसणारा. लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड केले, त्याला रागावल्या, त्याची समजूत घातली. धर्म त्याचा त्याच्यापाशी राहिला, त्याच्याआड कुणी आलं नाही. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघं सत्तावीस. लक्ष्मीबाईंनी पोटचा मुलगा गेल्यासारखं दुःख केलं.

आणि त्याला वर्ष पुरं होतंय तोवर दुसरा घाव. टिळकांनी 1917 मध्येच मिशनची नोकरी सोडली होती. पगार नको, परक्यांच्या पैशावरचा धर्म नको, आपल्या मातीतला ख्रिस्तसेवक व्हायचं, म्हणून साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जवळजवळ संन्यासच! संसाराची घडी पुन्हा विस्कटली. आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक गेले.

लक्ष्मीबाई तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडलेल्या. मागं पैसा नाही, घर नाही, शिक्षणाचा कागद नाही. आपल्याकडं अशा वेळी बाईला कोपऱ्यात बसवतात. ती स्वतःही बसते. लक्ष्मीबाई बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केलं, काही काळ कराचीत काढला. त्या वयात नवं शहर, नवी भाषा. गमतीजमती होणारच! आणि त्या गमती त्यांनी स्वतःवर हसून सांगितल्यात. आपली फजिती मोकळेपणानं सांगता येणं हे मन हलकं असल्याचं लक्षण आहे, असं मला वाटतं.

आता वळू त्या प्रश्नाकडं. हे हसू खरं की खोटं?

ख्रिस्ती धर्मात आनंद हा शब्द वेगळ्या अर्थानं येतो, हे मला उशिरा कळलं. संत पौलानं फिलिप्पै गावच्या लोकांना एक पत्र लिहिलं, ते बायबलात आहे. पत्र लिहिलं तेव्हा तो तुरुंगात होता. सुटका होईल की मरण येईल, माहीत नाही. आणि त्या छोट्याशा पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो! म्हणजे परिस्थिती सुधारली की आनंद, असा तो हिशेब नाही. देव आपल्याबरोबर आहे ही खात्री असली की त्या परिस्थितीतही आनंद सापडतो, अशी ती श्रद्धा आहे. आपल्या वारकऱ्यांना हे नवीन वाटायचं नाही. घरी काही नसताना विठ्ठलाच्या नावानं नाचणारे तुकोबा आपलेच की! टिळकांनी तर तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असं मानलं, आणि अभंगांच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं रचली. मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात. लक्ष्मीबाई ख्रिस्ती कीर्तनंही करायच्या. पंढरपुरात वियोगाची वर्षं काढलेल्या बाईला कीर्तन काही परकं नव्हतं.

पण नुसती श्रद्धा म्हणून सांगितलं तर माझ्या बचत गटातल्या त्या मैत्रिणीचं समाधान होणार नाही. तिला दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. लक्ष्मीबाईंची श्रद्धा देव्हाऱ्यापाशी थांबली नाही, हाताला काम देऊन गेली. ज्या दिवशी त्यांनी देव मानला, त्या दिवशी माणसं दूर सारायची गरज संपली. मग घरात दुसऱ्यांची मुलं आली, प्लेगच्या मुली आल्या, बालकवी आले. जी मुलं गेली त्यांचं दुःख पुसलं गेलं असं नाही. ते राहिलंच. पण त्या दुःखाच्या शेजारी बसायला माणसं होती. नानांचं घर आठवून बघा. तिथं दुःख एकच होतं, सासऱ्यांच्या फाशीचं, पण त्याच्या शेजारी कुणाला बसू दिलं गेलं नाही. त्या एका दुःखानं सगळं घर गिळलं. लक्ष्मीबाईंच्या घरी दुःखं कितीतरी आली, पण दार उघडं राहिलं.

आणि तिसरी गोष्ट, त्यांचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. नवऱ्याच्या आदल्या निर्णयानं त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, कारण तो त्यांच्यावर येऊन आदळला होता. तोच धर्म पाच वर्षांनी त्यांनी स्वतः विचार करून घेतला, तेव्हा त्यातूनच त्यांना बळ मिळालं. कुणी कोणता धर्म पाळावा हा आपला विषय नाही. पण दुसऱ्यानं लादलेली श्रद्धा आणि आपण शोधलेली श्रद्धा यांत किती फरक असतो, ते एकाच बाईच्या आयुष्यात एवढं स्वच्छ दिसतं!

शेवटची वर्षं त्यांनी आपल्या नाशिकलाच काढली. टिळक जाताना एक मोठं काम अर्धवट ठेवून गेले होते. येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. ते पुरं कुणी करायचं? जोडाक्षरं लिहिताना अडखळणाऱ्या बाईनं पुढचे 64 अध्याय रचले! टिळकांनी तिला पाटीवर मुळाक्षरं गिरवायला शिकवलं तेव्हा त्यांना तरी कल्पना असेल का, की आपलं राहिलेलं काम हीच पुरं करणार आहे?

आणि याच वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ झालं. दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी गोळा करत होता. आईला म्हणाला असेल, तुला आठवतं ते लिही. आईनं लिहायला घेतलं आणि टिळकांच्या आठवणी लिहिता लिहिता आयुष्यच कागदावर आलं. 1934 साली पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचक चकित झाले. आचार्य अत्र्यांसारख्यांनी डोक्यावर घेतलं. शाळेत न गेलेल्या बाईचं मराठी असं, की आपण माजघरात बसून ऐकतोय असं वाटावं. उपदेश नाही, रडगाणं नाही, मोठेपणा नाही. पुढं त्याची इंग्रजीत भाषांतरं झाली. शांता गोखल्यांनी केलेलं भाषांतर 2017 मध्ये आलं. म्हणजे जलालपूरच्या मनूची गोष्ट आता जगात कुठंही वाचता येते.

24 फेब्रुवारी 1936 रोजी, नाशिकमध्येच, लक्ष्मीबाई गेल्या. जिथं जन्मल्या त्याच गोदावरीच्या काठी. पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या घरात केवढं अंतर होतं!

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत मी त्या मैत्रिणीला हे सगळं माझ्या भाषेत सांगितलं. ती काही बोलली नाही. तिच्या घरचा त्रास लगेच मिटला असंही झालं नाही. ते मिटवायला पोलीस, समुपदेशन, कायदा हे सगळं लागतं आणि ते आम्ही करतोच आहोत. लक्ष्मीबाईंनीही श्रद्धेच्या नावाखाली चुकीला बरोबर म्हटलं नाही, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. पण निघताना तिनं पुस्तक मागून घेतलं. अक्षर लावत लावत वाचते म्हणाली.

परवा भेटली तेव्हा कळलं, की रोज दुपारी ती शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून ते पुस्तक मोठ्यानं वाचते. आधी तिच्या घरी कुणी येत नसे. लाजेनं तीच दार लावून घ्यायची. आता दुपारचा एक तास दार उघडं असतं आणि आतून हसण्याचा आवाज येतो.

मैत्रिणींनो, ‘स्मृतिचित्रे’ कपाटात असेल तर काढा. नसेल तर वाचनालयातून आणा. आणि एकट्यानं वाचू नका बरं का! शेजारणीला बोलवा. लक्ष्मीबाईंना तेच आवडलं असतं.